मागच्या चाकांचे ब्रेक

आबा, आज मी माझ्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलले. तुम्ही असता तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसला असता आणि मी सोडवलेल्या प्रत्येक बोल्टाला नाक मुरडलं असतं. तुमच्या जीपला चारी चाकांना ब्रेकचे ड्रम, आत पॅडसारखेच झिजणारे लायनर. ही डिस्कची भानगड तुमच्या हाताखालून कधी गेलीच नाही.

पण आधी आईचं सांगते. माझ्याकडे लोणावळ्याला आल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. गुडघे दुखतात म्हणते, पण जिना नीट उतरते. बाजारात चल, तळ्यावर चल, काहीही म्हटलं की उत्तर एकच, मला आता कुटं जायचंय. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसते. दिवसेंदिवस तिचं बोलणं कमी होत चाललंय आणि मला त्याची भीती वाटते.

पवनानगरला असताना तुम्ही लायनर बदलले की पहिली फेरी एकटे मारायचात. दुसऱ्या फेरीला आई पुढे, मी गिअरजवळ मध्ये, आणि जीप दुधिवरे खिंडीपर्यंत. तिथे भजी, चहा आणि उतारावरून परत. त्यानंतरच भाड्याचे पॅसेंजर बसायचे. "आपली मान्सं बसनार म्हनलं की हात घाई करत न्हाई," असं तुम्ही म्हणायचात. एरवी बिनकामाचं डिझेल जाळणं तुम्हाला पाप वाटायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी ब्रेक असेच करतात.

तर आज. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा हवी म्हणून कॅलिपरमधला, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातला, पिस्टन आधी आत घालवावा लागतो. पुढच्या चाकांचे मी पूर्वीच केले होते. क्लॅम्प लावून आवळला की पिस्टन मुकाट आत जायचा. मागचा मात्र हलेना. हॅन्डब्रेक सोडलेला, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलेलं, तरी ढिम्म. मी आणखी जोर लावायला गेले आणि तुमचं नेहमीचं वाक्य आठवलं: "जात नसंल तर रेटू नको, का जात न्हाई ते बघ." हात काढून घेतला आणि टॉर्च मारला. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा दिसल्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, या गाडीच्या मागच्या पिस्टनच्या पोटात हॅन्डब्रेकचा स्क्रू असतो, नुसता दाबून जायचा नाही, दाबत दाबत फिरवावा लागेल. त्या खाचांत बसणारं हत्यार त्यानेच दिलं. मग मी फिरवत राहिले आणि तो इतक्या सावकाश आत गेला की मला हसू आलं. तुम्ही त्याला रुसलेला जावई म्हणाला असता. मला तुमची फार आठवण आली, आबा.

दुसरंही चाक केलं, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहिले, मग एकटीच चक्कर मारून आले. ब्रेक छान लागत होते. परत येते तर आई खाली उभी. चांगलं लुगडं नेसलेली, हातात पिशवी.

"झालं का बिरेक?"

"झाले."

"चल मंग. कुनीतरी बसाया पायजे."

ती पुढे बसली. खिंडीपर्यंत गावातल्या बायकांच्या गोष्टी सांगत होती, त्यातल्या निम्म्या मी पहिल्यांदाच ऐकत होते. खिंडीत भजी खाताना खाली धरणाचं पाणी दिसत होतं. बघता बघता ती हसायलाच लागली. म्हणाली, "लायनर काय सारखं झिजत्यात व्हय? आपन दोघी लय दिवस घरात बसलो की तुज्या बापाला बिरेकाचा आवाज यायचा."

मी उरलेली भजी तिच्यापुढे सरकवली. इतक्या वर्षांत हे मला उमगलं नव्हतं. परतताना तिने विचारलं, पुढचे ब्रेक कधी करायचेत. मी म्हटलं, बघू, लवकरच.

हे कुठे पाठवणार, आबा. घडी करून गाडीच्या कागदांमागे ठेवते. जुने पॅड अजून डिकीत आहेत, आईला दिसणार नाहीत असे फडक्यात गुंडाळलेले. ते अर्धेसुद्धा झिजलेले नाहीत. मलाही आवाज आला होता.