निशाणी नांगर

ता. चाकूर, जि. लातूर
श्रावण वद्य पंचमी

ती. भीमाअण्णांच्या चरणी धाकट्या घरच्या शेषेरावाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडील सर्व कुशल. तिकडील कुशल विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, एरवी गरज नाही. तुमचा खोकला आमच्या ओसरीवर ऐकू येतो आणि गुरुवारपासून तो उतरला आहे असं माझं मत आहे. (अडुळसा सुरू केला असावा. चांगलं केलंत.) आपल्या दोन घरांमध्ये चारच दारं आहेत, तरी हे पत्र मी पोस्टात टाकतो आहे. ते आधी चाकूरला जाईल आणि तीन-चार दिवसांनी माझ्याच दारावरून तुमच्याकडं येईल. अकरा वर्षं बोलणं नाही, तेव्हा स्वतः येऊन सांगायचा प्रश्न नाही. आणि निरोप धाडावा तर आपल्या गल्लीत तो चार तोंडांतून जातो आणि पोचतो तेव्हा त्याचं भांडण झालेलं असतं.

विषय आमच्या देवघरातल्या लाल बासनाचा आहे. अकरा वर्षांमागं पोळ्याला तुमचा बैल वेशीत तोरणाखाली उभा असताना मी हेच बासन डोक्यावर घेऊन आलो होतो. पहिल्या बैलाचा मान धाकट्या घराचा, ही त्याची सरकारी सनद, असं मी मारुतीसमोर सांगितलं. बासन सोडायचं नाही, दसऱ्याला फक्त पुजायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणून एक कोपरा तेवढा उघडून खालचा नांगराचा शिक्का चारचौघांना दाखवला. मोडी अक्षर गावात कुणालाच येत नव्हतं. (मलाही नाही. पण तीस वर्षं मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला हे कुणी विचारत नाही.) लोकांनी शिक्का पाहून हात जोडले. तुम्ही एक शब्द न बोलता बैल वळवलेत, आणि तेव्हापासून पोळा तुमच्या गोठ्यातच करता.

गेल्या वर्षी मला वाटलं, सनदेचं रीतसर वाचन करून घ्यावं आणि ते चौकटीत घालून लावावं, म्हणजे तुमच्या गप्प बसण्याला उत्तर मिळेल. (गप्प माणसाशी वाद घालणं फार जड जातं.) नांदेडला जुन्या घराण्यांची कागदपत्रं सांभाळणारं एक दफ्तर आहे, तिथं निघालो. अहमदपूरपर्यंत बासन मांडीवर. तिथं गाडी बदलली, जागा मिळाली नाही, म्हणून डोक्यावर घेऊन उभा राहिलो. कंडक्टरनं आत काय आहे विचारलं तेव्हा सनद म्हणालो, तर त्यानं मला देवदर्शनाला निघालेला समजून पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं. मीही खुलासा केला नाही.

दफ्तरात मोडी वाचणाऱ्या पंचशीला मॅडम आहेत, मूळच्या हदगावच्या. तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि बोलणं असं की तुम्ही-आम्ही खळ्यावर बसलो आहोत. त्यांनी बासन सोडलं, मऊ कुंचल्यानं कागद झाडला आणि हा लाल डाग कशाचा म्हणून विचारलं. मी राजमुद्रेची शाई म्हणालो. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, हळदी-कुंकू आहे गुरुजी, वाळवीनं खाल्लं नसेल एवढं पूजेनं खाल्लंय. कागदाची कीड काढायची, दुरुस्ती करायची, मगच वाचन, म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला आणि मला पोच दिली. दसऱ्याला आमच्या सौ. साखराबाईंनी ती पोचच पाटावर मांडून तिला हळदी-कुंकू वाहिलं. मी हरकत घेतली तर म्हणाल्या, “कागद नांदेडला गेलाय, दसरा न्हाई गेला. पाटावर कायतरी पायजे का न्हाई?” परिणामी पोचेवरचा नंबर आता वाचता येत नाही.

आषाढात वाचनाला बोलावणं आलं. पंचशीला मॅडमनी आधी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कागद फसली १२७० चा, म्हणजे इंग्रजी १८६० च्या सुमाराचा आहे, तुमच्या मूळपुरुषांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे आमच्या बाजूचा. मजकूर त्यांनी वाचला तसा लिहितो: “पोळियाचे दिवशी थोरले घरचा बैल तोरणाखाली असता म्यां आपला बैल पुढें घातला, हें मजकडून वाईट जालें. येथून पुढें थोरले घरचा पुढें, माझा मागें. याउपरी म्यां अगर माझे लेकरांचे लेकरांनीं पुढें घातल्यास गावाचा व देवाचा गुन्हेगार.” खालचा नांगर सरकारचा नाही. ज्याला सही येत नसे तो कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा. त्याला निशाणी नांगर म्हणतात. तात्पर्य, आमच्या घरानं दीडशे वर्षं आपल्याच माफीनाम्याला नैवेद्य दाखवला.

मी त्यांना विनंती केली की तुमच्या यादीत तेवढं सनद म्हणून लिहा. त्या हसल्या नाहीत. “यादीत जे हाय तेच लिहावं लागतंय, गुरुजी. पण एवढ्या जणांनी सांभाळलं, हेबी लिहिते की.” आणि खरंच तसं लिहिलं. मला त्या बाईंचा राग यायला हवा होता, तो आला नाही. लाज वाटली.

असो. पत्र लिहिण्याचं कारण: कागद दफ्तराला कायमचा द्यायचा आहे. दोन्ही घरांच्या वारसांच्या सह्या लागतात. नमुना सोबत जोडला आहे, सही करून उलट टपाली पाठवावा. लहानांस आशीर्वाद.

आपला,
शेषेराव

ता. क. नमुन्यावर तुमची सही लागत नाही. माझी एकट्याची पुरते आणि ती मी आषाढातच केली आहे.

ता. क. २. वाचनाची नक्कल मारुतीच्या पारावर चिकटवली आहे. सकाळपासून तिथं गर्दी आहे. मी आज दाराबाहेर पडलेलो नाही.

ता. क. ३. ट्रॅक्टर आल्यापासून आमच्या गोठ्यात एकच बैल उरला आहे. तुझ्याकडूनही पहाटे एकच घुंगूरमाळ ऐकू येते. एका बैलाचा पोळा बरा दिसत नाही, भीमा. अमावास्येला वेशीत ये. तुझा पुढं, माझा मागं.