मानेवरचे हात

अंजनगाव सुर्जी

चिरंजीव पुंजारामले बाबाचा आशीर्वाद.

तू अकोल्यात कापसाच्या तेजीत गुंतलास आणि घरी भगत धाडलास. बाळ गेल्यापासून सूनबाई मैना बोलत नाही, तर तिच्या अंगातलं भूत काढून तिले बोलतं करा, असं तूच त्याले सांगितलं म्हणे.

त्यानं तिची मान दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबली. तिचे डोळे फिरले. "पाहा, भूत निघून राहिलं!" भगत ओरडला. तुझी माय हात जोडून उभी.

बापा, मी आखाड्यात वाढलो. जबड्याखाली दोन्हीकडं ज्या नसा उडतात, त्या डोक्याले रक्त पोचवतात. त्या दाबल्या की श्वास मोकळा असूनही गडी कोसळतो. पकड सुटली नाही तर उठतच नाही. मी भगताचे हात ओढून काढले.

"भूत तुमच्या अंगात शिरंन, किसनराव!"

"शिरू दे. मले सोबत होईन."

मैना निपचित पडली होती. मी मानेवर बोट ठेवून बसलो. नस उडत होती, पण डोळे उघडेनात. बऱ्याच वेळानं उघडले, आणि पोरगी बोलली, "मामाजी, त्याले पुन्हा येऊ देऊ नका."

पण तुझ्या शब्दावर तो अमावास्येले येणारच आहे. म्हणून गाडी जुंपली. तिले हिवरखेडले माहेरी पोचवतो. हे पत्र धाडलं तर तू वाटेत आडवा येशील, म्हणून ते माझ्या पागोट्यातच राहील. तू आलास की तोंडानं सांगीन: बायकोले आणायले जा, पण एकटा जा, आणि आधी तिले विचार, येतेस का म्हणून.

तुझा बाबा
किसनराव