अर्थिंगला पाणी

आई, तुला संगणक माहीत नाही. तू गेलीस तेव्हा आपल्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे पंखे, इस्त्री, मिक्सर आणि दार नीट न लागणारा तो फ्रिज, आणि त्यातल्या प्रत्येकाला तू घाबरायचीस. आता तुझ्याच घरात, बिबवेवाडीच्या याच तळमजल्यावर, तुझं शिलाई मशीन असायचं त्या खिडकीपाशी संगणक आहे. मी त्यावर छापखान्यासाठी पुस्तकांची पानं लावते आणि तुझी नात तिच्या इंजिनिअरिंगचं काय काय करते. त्याच्या पत्र्याच्या खोक्यात मागच्या बाजूला आणखी एक पेटी असते. भिंतीतून आलेली वीज ती आधी स्वतः घेते आणि आतल्या नाजूक भागांना सोसेल तेवढीच वाटून देते. तिला पॉवर सप्लाय म्हणतात. घरात शिरणारं सगळं आधी स्वतः तपासून मग पोरांच्या पुढ्यात ठेवणाऱ्या बाईसारखी ती असते, म्हणजे तुला समजायला अवघड जाऊ नये.

तर ती पेटी एका दुपारी फुटली. इकडे हल्ली वीज घालवतात, त्याला भारनियमन असं भारदस्त नाव आहे. गेलेली वीज परत आली, पोरीने बटण दाबलं आणि मागून फट् असा आवाज आला. जळक्या रबरासारखा वास, पांढरा धूर. मी स्वयंपाकघरातून ओरडले, हात काढ, हात काढ. ती हात काढून केव्हाच लांब उभी होती आणि हसत होती. म्हणाली, काही नाही गं, आतलं काहीतरी गेलं, बॉम्ब नाहीये. मी मात्र ओट्याला घट्ट धरून उभी होते. तुझ्या जावयांनी संध्याकाळी नेहमीचं वाक्य टाकलं, की तू अगदी तुझ्या आईवर गेलीस. एरवी मला राग येतो. त्या दिवशी आला नाही, कारण खरंच होतं.

मग मी स्वतः तपकीर गल्लीत गेले, तिथे आता विजेच्या सामानाबरोबर संगणकाचीही दुकानं आहेत. ह्यांना पाठवलं असतं तर पहिल्या दुकानात जे मिळालं ते घेऊन आले असते. मला चांगला पॉवर सप्लाय हवा होता आणि चांगला म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, म्हणून रिक्षात मांडीवर संगणकाचं खोकं घेऊन, गणपती आणायला निघाल्यासारखी मी गेले. दुकानदार आपल्या पुण्यातला अस्सल होता, गिऱ्हाईक आलं म्हणून वर बघण्याची त्याला सवय नव्हती. मी म्हटलं, जुन्यावर मोठा आकडा लिहिला होता, तरी फुटला कसा? तो म्हणाला, "बाई, स्टिकरवर आकडा लिहायला वीज लागत नाही." मग त्याने दोन पेट्या माझ्या दोन हातांत दिल्या. बाहेरून जुळ्या बहिणी. एक रिकाम्या डब्याएवढी हलकी, दुसरी वरवंट्यासारखी जड. म्हणाला, पोटात माल असेल तर वजन लागणारच. हलकी पेटी घेतलेल्या विजेतली बरीचशी नुसती तापण्यात घालवते. जी सारखी तापते ती लवकर मरते, आणि मरताना एकटी जात नाही, शेजारच्यांना घेऊन जाते. हे ऐकल्यावर मी हलकी पेटी काउंटरवर इतक्या घाईने ठेवली की त्याला पहिल्यांदा हसू आलं. जड पेटी खोक्यात बसवून देताना त्याने सहज विचारलं, "घरी अर्थिंग आहे ना?"

मी म्हटलं, आहे. विचार करायला वेळ घेतला नाही, आई. तो प्रश्न विचारताच माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस.

तू इमारतीच्या मागे जातेयस. साडीचा पदर खोचलेला, हातात निळी बादली. मीटरच्या खोलीमागे, कुंपणाच्या भिंतीलगत, सिमेंटचं छोटं चौकोनी झाकण आहे. त्याच्या खाली कोळसा, मीठ आणि तांब्याचा पत्रा पुरलाय, आणि सगळ्या इमारतीतल्या प्लगांमधून एक एक तार त्या पत्र्यापर्यंत येते. कुठे चुकून वीज अंगावर यायला निघाली तर तिला जमिनीत जायला वाट, तेच अर्थिंग. इमारत नवी होती तेव्हा वायरमनने सगळ्या बायकांना सांगितलं होतं की उन्हाळ्यात यात पाणी घाला, माती सुकली की वाट बंद होते. बाकीच्या विसरल्या. तू फक्त उन्हाळ्यात नाही, बारा महिने घातलंस. आधी तुळशीला तांब्या, मग खड्ड्याला बादली. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून वाकून विचारायचे, "वहिनी, काय उगवणार आहे तिथे?" तू वर न बघता म्हणायचीस, "उगवायला काही नको. आहे ते राहू दे."

मी तुझ्या मागे मागे यायचे आणि काकांबरोबर हसायचे. मग एकदा ओल्या हाताने फ्रिज उघडायला गेले आणि तू माझ्या मनगटावर अशी मारलीस की मी रडायचंसुद्धा विसरले. तुझा हात त्याआधी कधी उठला नव्हता. त्या दिवशी तू मला खाली बसवून सांगितलंस की मला एक मावशी होती. तुझी धाकटी बहीण. परसात कपडे वाळत घालायची तार होती, आणि विजेची वायर घासून घासून त्या तारेला कुठेतरी लागलेली होती. तिने ओला परकर तारेवर टाकला. तू धुण्याची पाटी घेऊन तिच्या मागे उभी होतीस. तुला वाटलं ती थट्टेने थरथरतेय. एवढंच सांगितलंस आणि कणीक मळायला घेतलीस. नंतर कधीही त्याबद्दल बोलली नाहीस, आणि मीही पुन्हा काकांबरोबर हसले नाही.

तेव्हापासून मी बघत आले की घरातल्या कुठल्याही पत्र्याच्या वस्तूला माझ्याआधी तू हात लावायचीस. तोही उलटा. तळहाताने धरलं तर मूठ आवळून चिकटून राहते, उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे येतो, असं तू कुणाकडून तरी ऐकलं होतंस. फ्रिजच्या दाराला उलटा हात, इस्त्रीला उलटा हात, मग मला म्हणायचीस, हं, घे. माझ्या मैत्रिणींच्या आया असं काही करत नव्हत्या. मला तुझी लाज वाटायची.

नवी पेटी घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी पोर म्हणाली, आई, खोक्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. गार फरशीवर अनवाणी बसली होती, नुकते धुतलेले केस पाठीवर तसेच. ती मजा म्हणून पुन्हा बोट लावायला गेली. आई, मी तिला मारलं. मनगटावर, अगदी त्याच जागी. तिने माझ्याकडे बघितलं ते मला विसरता येणार नाही. मी पिन उपसली आणि ती मुठीत धरून बसून राहिले. मला काही सांगता येईना, मावशीचंही नाही. नुसतं नको, नको म्हणत होते.

मी तशीच दुकानात गेले आणि त्याला नाही नाही ते बोलले, की जड म्हणून गळ्यात मारलंस आणि माझ्या पोरीला शॉक देतंय. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सप्लाय चांगला आहे म्हणून झिणझिण्या येतायत. तुमच्या घरी अर्थिंग नाही." त्याने मला नीट समजावलं. चांगल्या पेटीत विजेतला कचरा गाळायची सोय असते आणि गाळलेलं ती अर्थिंगच्या तारेत सोडते. तार पुढे कुठेच जात नसेल तर ते खोक्याच्या पत्र्यावर साचतं. हलक्या पेटीत ती सोयच नव्हती, म्हणून इतके दिवस काही कळलं नाही. याने माणूस मरत नाही, असंही तो म्हणाला. पण मग म्हणाला, की घरात गिझर असेल तर तो आधी बंद ठेवा.

परत येताना रिक्षात मी एक एक मोजत आले. गिझर. पोर रोज त्याखाली आंघोळ करते. आणि फ्रिज, आणि कपडे धुवायचं मशीन, आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांचे गिझर. कुठे एक वायर सुटून पत्र्याला लागली तर तिला जमिनीत जायला वाटच नाही, वाट फक्त माणसातून. मी थेट इमारतीच्या मागे गेले. कुंपणाच्या भिंतीपर्यंत सगळीकडे फरशी होती आणि तुझ्या झाकणाच्या जागी सोसायटीच्या सेक्रेटरींची नवी मोटार उभी होती. लोकांकडे मोटारी आल्या तसं सोसायटीने मागचं अंगण फरशी घालून पार्किंग केलं, तेव्हा मी इथेच होते. मीसुद्धा सही केली होती. सेक्रेटरींना विचारलं तर ते जरा आठवून म्हणाले, "तिथे ना? तुमच्या आईंचं काहीतरी रोप होतं. पण ते आलंच नव्हतं."

रोप. इतकी वर्षं तू बादली घेऊन जात होतीस आणि लोकांना वाटत होतं, बिचारीचं काही उगवत नाही.

त्यांनी मला आपण अर्ज द्या म्हणून सांगितलं, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. अर्ज तर मी दिलाच, पण मीटिंग होईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते तुलाच कळेल. गिझरचं बटण चिकटपट्टीने बंद केलं. पाणी गॅसवर तापवलं. संगणकाची पिन माझ्या पर्समध्ये. तुझे जावई म्हणाले, जरा अति होतंय. पोरीचं काम अडलं होतं, ती चिडून म्हणाली, सगळं जग वापरतंय, कुणी मेलंय का? तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि मावशीचं सांगितलं, तू मला सांगितलंस तेवढंच, धुण्याच्या पाटीपर्यंत.  संध्याकाळी मी बघितलं तर ती वरच्या प्रत्येक घराची बेल वाजवून गिझर बंद ठेवा म्हणून सांगत होती, आणि लोक तिला हसत होते.

शेवटी मीटिंग झाली आणि मोटार हलली. वायरमनने फरशी उचकटली, खणलं. खालची माती राखेसारखी कोरडी होती आणि तांब्याचा पत्रा हातात आल्यावर मोडला. नवा पत्रा घातला, कोळसा, मीठ, आणि पाणी घालायला वर एक नळी ठेवली. मग विजेची एक वायर आणि ही नवी तार यांच्यामध्ये दिवा जोडून त्याने बघितलं, वाट मोकळी होती, दिवा लख्ख पेटला. वायरमन म्हणाला, झालं बाई, आता निर्धास्त राहा. लोक आपापल्या घरी गेले. जड पेटी आता मुकाट काम करते, तापत नाही, झिणझिण्या तर नाहीतच.

निर्धास्त राहा म्हणणं सोपं असतं. रोज सकाळी मी तुळशीला तांब्या घालते आणि बादली घेऊन मागे जाते. सेक्रेटरी मोटार थोडी पुढे घेतात. मग पोर उठायच्या आत मी घरातून फिरते. गिझरचा नळ, फ्रिजचं दार, संगणकाचं खोकं. उलटा हात.

आई, सगळे तुला भित्री म्हणायचे आणि मलाही तसंच वाटायचं. इतकी भीती वाटत असताना रोज सगळ्यात आधी हात लावायला काय लागतं ते मला आता कळलं, आणि ते तुला सांगायला मला उशीर झाला. म्हणून हे लिहितेय. कुठे पाठवायचं नाही, नातीला दाखवायचंही नाही. तुला फक्त एक विचारायचं होतं. खोक्याला हात लावताना मी डोळे गच्च मिटून घेते. तू मिटायचीस का? मी कधी बघितलं नाही, मी तुझ्या पाठीमागे असायचे.