दाबायचं की उचलायचं

...आणि मागचं चाक जाम होऊन मी शेजारच्या ऑर्मंडच्या मोटारसायकलीसकट त्याच्याच गुलाबांत गेलो. प्रिय मर्टल, नमस्कार आधी लिहायला हवा होता. तो इथे घे. तुझे गुडघे कसे आहेत? (जरा वाईट असतील तर बरं. कारण खाली आहे.)

चूक माझ्या पायाची. मी जन्मभर टपाल वाटलं ते लाल गाडीवर. तिला हाताचा क्लच नाही. पायाने दांडी दाबली की इंजिन चाकापासून आपोआप सुटतं आणि वरचा गियर पडतो. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे दाबूनच. उचललं की उतरतो. ऑर्मंडच्या गाडीला पहिला तेवढा खाली, बाकीचे बोटाने वर उचलायचे, आणि दर वेळी डाव्या हाताने क्लच ओढायचा. (इतकी मनधरणी करून घेणारी गाडी मला आवडत नाही.) हे मला माहीत होतं. पायाला नव्हतं. दुसऱ्यात जोरात असताना तिसरा हवा म्हणून दाबलं, तर पडला पहिला.

ही फेरी मी ऑर्मंडकडे मागून घेतली ती कुंपणाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोसाठी, तुझ्या बहिणीसाठी. त्याची स्वतःची बायको वारल्यापासून हा शेजारी दर रविवारी क्लेअर गावाला फेरी मारून येतो, आणि हल्ली इनिडला मागे बसवून नेतो. परतल्यावर ती गुणगुणते. माझ्या गाडीवर मागे टपालाची पेटी होती. मी तिला कुठे बसवणार होतो?

तर मी गुलाबांत, आणि इनिड धावली ती गाडीकडे. उजव्या मुठीजवळचं बटण दाबून तिने इंजिन बंद केलं. शोधलंसुद्धा नाही. मागे बसणाऱ्या बाईला ते बटण कसं ठाऊक, तूच सांग. मग म्हणाली, "क्लॅरी, एवढ्या वेगात पहिला टाकतात का रे?"

"राहू दे गं," ऑर्मंड म्हणाला, "टपालवाला आहे तो. प्रत्येक फाटकाशी थांबायची सवय."

ती हसली, मर्टल.

तुझा,
क्लॅरी

ता. क. रविवारी गुडघे फार दुखतात असा तिला फोन कर. शनिवारीच बोलावून घे.

ता. क. सकाळी पत्र टाकायला निघालो तर इनिड माझ्या लाल गाडीवर बसलेली. क्लेअरच्या रस्त्यावर ऑर्मंड तिला चालवायला शिकवत होता म्हणे. मला कळू द्यायचं नव्हतं. निघाली, आणि दुसऱ्यासाठी बोटाने दांडी उचलली. पहिला सुटला, इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी फाटकाशी येऊन थांबली. मी म्हणालो, "दाब, इनिड. आपल्या गाडीला दाबायचं."

तिने दाबलं. कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. गुडघ्यांचं राहू दे.