९९७३ ची दुसरी जोडी

आई, तू अर्धवट ठेवलेलं एक गणित मी सोडवलं. घरात दुसऱ्या कुणाला त्याचं काही नाही, म्हणून तुलाच सांगते.

मे महिना. मी उन्हात हुंदडू नये म्हणून तू काढलेली ती युक्ती. हुडकेश्वरच्या आपल्या घरी स्वयंपाकघरात तू कणीक मळते आहेस. शाळेला सुट्टी लागली तरी तुझ्यातली गणिताची बाई सुट्टीवर नाही. चार अंकांतली सर्वांत मोठी मूळ संख्या शोध, म्हणालीस. मी ९९९९ पासून खाली उतरू लागले. ९९९१ नं फार दमवलं, शेवटी सत्त्याण्णवनं भाग गेला. मग आली ९९७३. तिला कशानंच भाग जाईना, तशी मी एकशे एक, एकशे तीन करत पुढे निघाले. तू माझ्या वहीत डोकावलीस आणि रागावलीस.

"काहून वं, शंभराच्या वर कायले जाऊन राहिली? एक भाग शंभराहून मोठा असला तं दुसरा लहानच राहीन. तो तुले आधीच नसता भेटला?"

मला आधी रडू आलं, मग कळलं की काम झालंच होतं. ९९७३ मूळच होती.

बक्षीस म्हणून तू आणखी एक गोष्ट दिलीस. चारनं भागल्यावर एक उरतो अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि अशी जोडी एकच. पुष्कळ खाडाखोडीनंतर मला ८२ आणि ५७ सापडले. तू पोळी तव्यावर तशीच सोडून वर्ग पडताळलेस. दुसरी जोडी का नसते, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "कॉलेजात गेली की सांगीन."

मी कॉमर्सला गेले. ते सांगणं राहूनच गेलं. मग तुझे रामदासपेठेतल्या दवाखान्याचे दिवस आले, आणि तिथे हा विषय कोण काढणार?

मध्यंतरी आमच्या बँकेत एक तरुण इंजिनिअर सांगत होता, की आपल्या व्यवहारांची कुलपं शेकडो अंकी मूळ संख्यांवर उभी असतात, आणि त्या भागून तपासायला जन्म पुरणार नाही. मी विचारलं, त्यांच्यातही दोन वर्गांची एकच जोडी? तो म्हणाला, "हो मॅडम, चारनं भागून एक उरत असेल तर, मग ती कितीही मोठी असो."

त्या रविवारी बेसा भागातल्या आमच्या घरी मी टेबलाशी बसले. यांनी चहा ठेवत विचारलं, "कायचा पेपर आहे तुझा?" दोन जोड्या आहेत असं मानलं आणि तिरपा गुणाकार केला. मूळ संख्या एखाद्या गुणाकाराला भागते तेव्हा त्यातल्या एकाला तरी तिला भागावंच लागतं. त्या एका गोष्टीनं दुसरी जोडी हळूहळू पहिलीच होऊन बसली. मी कितीतरी वेळ नुसती कागदाकडे बघत राहिले. चहा गार झाला. फार बरं वाटत होतं, आई.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मधली एक पायरी मला सुचली नव्हती. ती मी पुस्तकात पाहिली.