होल्स्टर नको म्हणालास

प्रिय हॉलिस,

रविवारी चर्चच्या जेवणानंतर, गोड पीच कॉबलरची बशी हातात धरून, तू मला विचारलंस की लपवून बाळगायला छोटं पिस्तूल कोणतं बरं. टेक्सासमध्ये जन्म काढलेल्या माणसाने संस्कृतच्या मास्तराला हे विचारावं, म्हणजे गंगेनेच घागरीकडे पाणी मागावं! पण प्रश्न आला की उत्तर देणं हा आम्हा मास्तरांचा जुना रोग आहे.

तेव्हा गेल्या वर्षी तुझ्याच आग्रहाने घेतलेलं ते बुटकं पिस्तूल कपाटातून काढलं आणि आठवडाभर कमरेला लावून हिंडलो. मूठ इतकी आखूड की करंगळी बेवारशी लोंबते. वजन कमी, म्हणून दणका जास्त. डार्लीनच्या चांदमारीवर माझा नेम पाहून ती मागून ओरडली, "पंडित, कागदावर मारायचंय! छत माझ्या बापाने बांधलंय!" गाडीत बसलं की पोटात खुपतं. आणि लपण्याचं म्हणशील, तर मुळीच लपत नाही. डायनरमधली जोॲन कॉफी ओतता ओतता म्हणाली, "शर्ट एक माप मोठा घे, नाहीतर पोट उतरव. सगळ्या गावाला दिसतंय." लपवणाऱ्यालाच काय ते दिसत नसतं.

तुझं मात्र कधी दिसलं नाही. लॉर्नाने तुझे सगळे शर्ट उजव्या कुशीला उसवून सैल केले होते ना! "नवरा एक, माप दोन," असं म्हणत शिवायची. ती गेल्यापासून तू तेच शर्ट घालतोस, आणि उजवी बाजू रिकामी लोंबते. कारण दफनानंतर थोड्याच दिवसांत सगळ्या बंदुका तू भाच्याला देऊन टाकल्यास. मग तुझ्या लाडक्या कुत्र्याला, बिस्किटला, माझ्याकडे आणून सोडलंस. "थोडे दिवस सांभाळ, माझे गुडघे दुखतात," म्हणालास. गुडघे दुखणारा माणूस कुत्र्याचं अंथरूण, वाडगा आणि लसीचे कागदसुद्धा देऊन जात नाही रे.

आमच्या न्यायशास्त्रात पहिला धडा असतो: डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं समजावं. हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला आणि स्वतः धुरात उभा राहून कॉबलर खात होतो. कारण त्याच रविवारी मी विचारलं होतं, पिस्तूल कमरेला अडकवायचं होल्स्टर कुठलं घेणार? तू म्हणालास, "होल्स्टर नको." छोट्या पिस्तुलाची अर्धी पारख होल्स्टरची असते, हे मला शिकवणारा तू! जे कमरेला लावायचंच नाही, ते लपवून बाळगणार कुठे?

काल डार्लीन भेटली. तू एकटाच चांदमारीवर येऊन पिस्तूल भाड्याने मागितलंस, असं तिने सांगितलं. एकट्या आलेल्या, स्वतःची बंदूक नसलेल्या माणसाला ती देत नाही. असा माणूस कधीकधी कागदावर नेम धरायला आलेला नसतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. "सोबत कुणाला तरी घेऊन ये, हॉलिस," ती म्हणाली. तू हसून म्हणालास, "मला ओळखत नाहीस का?" ती म्हणाली, "ओळखते, म्हणूनच."

काल संध्याकाळपासून तू फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. टपालाने पाठवण्याइतका धीर माझ्यात नाही. दाराखालून सरकवतो आहे. माझं पिस्तूल डार्लीनच्या तिजोरीत ठेवून आलोय. मी तुझ्या पायरीवर बसलोय, बिस्किट दाराला नाक लावून उभा आहे. तुला काही समजावणार नाही. आधी नुसते बसू, मग तू म्हणशील तेव्हा डॉक्टरकडे जाऊ, गाडी मी चालवीन. तू आत आहेस, हे बिस्किटच्या शेपटीवरून कळतंय. दार उघड.

तुझाच,
भालचंद्र