मागून जड

परभणी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. भागवत यास अनेक आशीर्वाद.

पूर्णेला तू सुखरूप असशील. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतोस, दोन मुली आहेत, एवढं कानावर आलं. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण जूनअखेर निवृत्त होते आहे, तोवर विभागाचा जिना चढतील. तुझा नंबर मिळवून चारदा लावला, तू उचलला नाहीस, म्हणून कागद घेतला.

खुशाली झाली. आता खरं सांगते. भागवत, कासवीच्या पोटात अंडी आहेत.

नऊ आहेत. मी तीनदा मोजली, प्रियदर्शनीनं दोनदा. गोल, लिंबाएवढी, एकमेकांना खेटून बसलेली. दुपारपासून मला बसवत नाही. स्वयंपाकघरात जाते, काय करायला आले ते विसरते आणि परत येऊन स्कॅनची तीच चित्रं बघते.

तीच कासवी, गंगाखेडच्या खाली गोदावरीच्या दरडीत तुला दिसलेली. आम्ही दहा जण तिच्यावरून चालत गेलो होतो. तू मागं राहिलास आणि कवचाच्या त्या बोटभर कडेवर रुमाल टाकलास. ज्याला दिसलं त्यानं एसटीत सीट धरावी तसा रुमाल टाकायचा, हा आपला शिरस्ता. पाठीचं कवच, पोटाची ढाल आणि मधे दगड झालेला गाळ, सगळा एकसंध गोळा. तीस-चाळीस हजार वर्षं ती तिथं होती. नंतरची सोळा आमच्या विभागाच्या जीवाश्म भांडारात, वरच्या फळीवर.

गेल्या महिन्यात भांडार हलवायला काढलं. प्रियदर्शनी ही माझी शेवटची संशोधक विद्यार्थिनी, राणीसावरगावची, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली पोर. तिनं ती फळीवरून एकटीनं उचलली आणि म्हणाली, "मॅडम, ही मागून जड का लागायलीय?"

तिला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं आणि शब्द तुझेच होते. मी चहाचा कप खाली ठेवला.

तिचा भाऊ एका दवाखान्यात सिटी स्कॅनच्या मशीनवर आहे. आज रविवार, गर्दी कमी. आम्ही कासवीला वाकळीत गुंडाळून रिक्षानं नेलं. अर्जावर पेशंटचं नाव, वय, वजन लिहायचं होतं. नाव कासवी, वय अंदाजे चाळीस हजार, वजनाच्या रकान्यात मी रेघ मारायला लावली. बाकावर चांगुणाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. प्रियदर्शनीच्या मांडीवरचं ते गाठोडं बघून तिनं विचारलं, "कुनाचं लेकरू हाय वो?" बाहेर आल्यावर आम्ही तिला चित्र दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि आम्हालाच दटावलं. "पोटुशी हाय की वो. आन् तुमी तिला असल्या उन्हात फिरवायलाव?"

एकतीस वर्षं मी सरपटणाऱ्यांची हाडं शिकवली. मगरीचे दात, सरड्यांचे जबडे, चिमटीत मावेल एवढं काहीबाही. अख्खी आई कधी हाताला लागली नव्हती. अंडी घालायला काठाकडे निघाली असेल आणि वरून दरड आली असेल.

लेख लिहायला घेतला आहे. त्यात तुझं नाव असेल, हे कळवायला हे पत्र. तेव्हा विभागाच्या समितीनं तपासणीची परवानगी नाकारली नसती तर हे कधीच झालं असतं. असो. त्या शनिवारच्या चर्चासत्रातलं बोलणं मनात धरू नकोस, माझी जीभ पहिल्यापासून तिखट.

तुझी,
मंजुषा मॅडम


पूर्णा,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम यांना सादर नमस्कार.

पत्र शिपायानं वर्गात आणून दिलं. उभ्या उभ्या वाचलं आणि तास तिथंच थांबला. अकरावीच्या पोरांनी विचारलं, "सर, घरी काय झालं का?" मी म्हणालो, "झालं. नऊ झाली." पोरांना काही कळलं नाही, पण टाळ्या वाजवल्या.

रात्री बायकोला सांगितलं, मुलींना कागदावर काढून दाखवलं. लय दिवसांनी एवढा आनंद झाला. दोन गोष्टी कळवा. मागच्या डाव्या पायाकडे अंडी जास्त असावीत, असा माझा अंदाज. बरोबर का? आणि वजन? तेव्हा मी साडेतेरा किलो म्हणालो होतो, पावशेर इकडंतिकडं. कुणी मोजलं का?

माझे वडील मानवतच्या मोंढ्यात धान्याच्या पोत्यांची हमाली करायचे, हे तुम्हाला माहीत आहे. पोतं पाठीवर घेतलं की आत काय भरलंय आणि किती, हे ते सांगायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो, माझा हात तिथं तयार झाला. चर्चासत्रात मी म्हणालो की ही मागून जड आहे, हिच्या आत काहीतरी आहे. तुम्ही म्हणालात, "भागवत, हा मोंढा नाही. इथं हातानं वजन करत नाहीत." सगळे हसले. ते मी वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता मी पोरांना डोळे मिटून दगड उचलायला लावतो, तेव्हा तेही हसतात. चालतं.

पण एक गोष्ट चालत नाही. कासवीची क्ष-किरण तपासणी करा, असा अर्ज मी तुमच्याकडे दिला होता. समितीनं तो फेटाळला, असं तुम्ही सांगितलंत. आठ वर्षांपूर्वी दत्तराव सर मला पूर्णा स्टेशनवर भेटले. ते तेव्हा समितीत होते. मी त्या अर्जाची आठवण काढली तर म्हणाले, "कोणता अर्ज रे? आमच्यापुढं असलं काही आलंच न्हाई."

मी आठ वर्षं कुणाला काही विचारलं नाही. तुम्ही परवाच्या पत्रात पुन्हा समितीचं नाव घेतलंत, म्हणून विचारतो. लेखात नाव नसलं तरी चालेल, याचं उत्तर द्या.

आपला विद्यार्थी,
भागवत


परभणी,
दि. २१ फेब्रुवारी २०२५

भागवत, नमस्कार.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

अर्ज समितीपुढे गेलाच नाही. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात राहिला. मीच ठेवला. मी तुला खोटं सांगितलं, तू "बरं, मॅडम" म्हणालास आणि पुढच्या महिन्यात संशोधनातून नाव काढून घेतलंस. परवाच्या पत्रात तेच खोटं मी पुन्हा लिहिलं. इतकी सवय झाली होती की लिहिताना पेन अडखळलंसुद्धा नाही.

आणखी एक आहे, ते तुला दत्तराव सरही सांगू शकले नसते. त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि ती उचलून पाहिली. मागून जड होती. तू म्हणालास तशीच.

मग असं का केलं? माझी प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर होती. पंधरा वर्षं मी दात आणि जबडे वेचले होते. एवढं मोठं घबाड माझ्या विद्यार्थ्याच्या हाताला लागावं, तेही मोंढ्यात तयार झालेल्या हाताला, हे मला सोसलं नाही. याहून बरं कारण मी चार दिवस शोधते आहे. नाही सापडत. स्वतः तपासायचीही हिंमत झाली नाही, कारण अंडी निघाली असती तर तुला तोंड दाखवावं लागलं असतं. म्हणून तिला वरच्या फळीवर ठेवलं आणि वर्गात मुलांना सांगत राहिले, जे दिसेल ते मांडा, कुणाला आवडो न आवडो. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

काल खण उपसला. अर्ज तसाच आहे, तुझ्या त्या बारीक अक्षरातला. खाली शिफारस लिहिली, कालची तारीख घातली आणि विलंबाचं कारण म्हणून 'मार्गदर्शकाची लबाडी' असं लिहून विभागप्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून वाचलं. "मॅडम, निवृत्तीला चार महिने राहिलेत. हे कशाला आता?" मी म्हटलं, आवक नोंदवा आणि शिक्का मारा. त्याची प्रत सोबत जोडली आहे. लेखाची सगळी चित्रंही पाठवते आहे. लेख तू लिही. पहिलं नाव तुझं, मग प्रियदर्शनीचं. माझं घालायचं की गाळायचं, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डाव्या मागच्या पायाकडे सहा आहेत, उजवीकडे तीन. एवढी लाज वाटत असतानाही हे तुला कळवताना मला आनंद लपवता येत नाही. तू बरोबर होतास, भागवत. हातानं ओळखलंस.

वजन मात्र अजून कुणी केलेलं नाही. तेव्हा हट्टानं केलं नाही, नोंदवहीतला तो रकाना सोळा वर्षं कोरा आहे. परवा दवाखान्यात काटा समोर होता, प्रियदर्शनी पुढं झाली, मी तिला मागं ओढलं. ती रोज विचारते, मॅडम, कधी मोजायची? मी सांगते, मोजणारा यायचाय.

पुढच्या शनिवारी, १ मार्चला, अकरा वाजता ये. त्याच खोलीत, त्याच टेबलावर ती असेल. मुलींना आण, बायकोला आण. सगळ्या विभागाला बोलावलं आहे. अर्जाचं काय झालं, ते आधी मी सगळ्यांसमोर सांगेन आणि मागच्या बाकावर जाऊन बसेन. मग तू उचल, आकडा मोठ्यानं सांग, त्यानंतरच ती काट्यावर चढेल. नाही आलास तर तुला दोष नाही. रकाना कोरा ठेवून मी घरी जाईन.

मी तुझी माफी मागते.

काटा फडक्यानं झाकून ठेवला आहे.

वाट पाहणारी,
मंजुषा